जॅग्वार एक्सईनंतर कोणती गाडी?

जॅग्वार एक्सई ही गाडी आता जगात कुठेच तयार होत नाही. इंग्लंडमधील कॅसल ब्रॉमविच येथील कारखान्यात एक्सई, एक्सएफ आणि एफ-टाइप या तिन्ही गाड्यांचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले. भारतात तिची विक्री त्याआधीच बंद झाली होती आणि जॅग्वारने यापुढे केवळ विजेवरच्या, आणखी महागड्या गाड्या बनवण्याचे ठरवल्यामुळे तिची पुढची पिढी येण्याची आशाही उरलेली नाही. माझ्याकडे २०१७ सालची डिझेल एक्सई आहे. गाडी ठणठणीत आहे. परंतु तिच्या बॉडीचा मोठा भाग ॲल्युमिनियमचा आहे, तो दुरुस्त करणे नेहमीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे काम नव्हे, आणि मॉडेल बंद झाल्यानंतर असे सुटे भाग वर्षागणिक दुर्मीळच होत जातात. शिवाय आईला मागच्या दारातून आत शिरणे आता जड जाते. म्हणून गाडी चांगली चालते आहे तोवरच तिच्या जागी दुसरी शोधावी, असे आम्ही ठरवले.

माझी अट एकच होती. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळणारी सेदान हवी. ठाण्यात ही अट सांगितली की पहिला प्रश्न येतो, ‘घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पुढची काय आणि मागची काय, फरक काय पडणार?’ प्रश्न रास्त आहे, आणि मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या माणसाला त्याचे उत्तर पटवून देणे कठीण आहे. तरीही फरक असतो. प्रत्येक टायरजवळ रस्ता धरून ठेवण्याची क्षमता मर्यादित असते. गाडी पुढच्या चाकांवर चालत असेल तर वळण घेणे आणि गाडी ओढणे ही दोन्ही कामे त्याच दोन टायरांना करावी लागतात, आणि वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की गाडीचे तोंड वळणाच्या बाहेर जाऊ लागते. मागच्या चाकांकडे ढकलण्याचे काम सोपवले की पुढची चाके केवळ वळण्यासाठी मोकळी राहतात. वेग वाढवताना गाडीचे वजन मागे सरकते, म्हणजे ताकद नेमकी जिथे हवी तिथेच भार पडतो. याच्या जोडीला एक फायदा असा आहे की त्याची चर्चा फारशी होत नाही. इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असल्यामुळे आणि पुढच्या चाकांना ताकद पोचवणारे ॲक्सल जोडलेले नसल्यामुळे ती चाके जास्त कोनात वळू शकतात. पाचपाखाडी-नौपाड्याच्या गल्ल्यांत, दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या असताना, लांब गाडी एका दमात वळवता येते ती त्यामुळेच. तेव्हा ज्यांना घाटाशी देणेघेणे नाही, त्यांनाही या रचनेचा उपयोग रोज होतो, फक्त तो त्यांच्या लक्षात येत नाही.

तोटेही आहेत आणि ते मान्य केले पाहिजेत. इंजिनापासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टसाठी गाडीच्या मधोमध उंचवटा येतो आणि मागे मध्ये बसणाऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. डिकीही उथळ होते. एक्सईत तर मागचे दार अरुंद आहे आणि छत मागे उतरत गेलेले आहे. आई बसताना आधी दाराची वरची चौकट धरते, मग मान तिरकी करते आणि शेवटी पुढची सीट व दाराचा उंबरा यांच्या फटीतून एकेक पाऊल आत घेते. उतरताना दर वेळी ती म्हणते, “अरे, ही गाडी आहे की विहीर? वर यायला कुणाचा तरी हात लागतोच.”

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या अटीमुळे आपोआप बाद झाल्या. ऑडीची ए-४, लेक्ससची ईएस, स्कोडाची सुपर्ब या सगळ्या गाड्या आपापल्या जागी उत्तम आहेत आणि माझ्या आईच्या दृष्टीने त्यांतली कोणतीही एक्सईपेक्षा सरस ठरली असती. पण मला ज्या कारणासाठी एक्सई आवडली ते कारण त्यांच्यात नाही.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या सेदान भारतात अजूनही मिळतात, पण त्यांचे लक्ष ड्रायव्हरच्या सीटवरून उठून मागच्या सीटवर गेले आहे, हे शोध सुरू केल्यावर स्पष्ट होत गेले. मर्सिडीजने २०१७ मध्ये ई-क्लासची लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, आवृत्ती भारतात आणली. बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये थ्री सिरीज ग्रान लिमोझिन आणली, आणि पुढे २०२४ मध्ये फाइव्ह सिरीजही लांब होऊन आली. नव्या फाइव्ह सिरीजचा व्हीलबेस ३ मीटर १० सेंटिमीटरच्या पुढे आहे. चीनप्रमाणे आपल्याकडेही अशा गाडीचा मालक बहुधा मागे बसतो आणि गाडी ड्रायव्हर चालवतो, हे कंपन्यांनी बरोबर हेरले आहे. व्यवसाय म्हणून त्यात काहीच गैर नाही. स्वतः चालवणाऱ्या माणसाला मात्र, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी मागे बसणाऱ्यासाठी बनवलेली असावी, ही गंमत थोडी महागात पडते.

ग्रान लिमोझिन आम्ही सगळ्यात आधी पाहिली. शोरूममधल्या मुलाने आल्याबरोबर मागचे दार उघडले आणि आईला म्हणाला, “मॅडम, आधी तुम्ही बसून बघा.” त्याला खरेदी कोण ठरवणार हे माझ्यापेक्षा आधी कळले असावे. आई बसली, पाय लांब केले, हात ठेवायची जागा खाली ओढली आणि तिथून उठायला तयार होईना. साध्या थ्री सिरीजपेक्षा या गाडीचा व्हीलबेस ११० मिलिमीटर जास्त आहे आणि तो सगळा मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांपुढे दिलेला आहे. मी चालवली तेव्हा इंजिन आणि आठ गिअरचा गिअरबॉक्स यांत मला काहीच खोट काढता आली नाही. परंतु पातलीपाडा उड्डाणपुलावरचे सांधे ओलांडताना पुढचा हादरा आणि मागचा हादरा यांच्यात एक्सईत नसलेले अंतर जाणवले, आणि सस्पेन्शन ज्या मऊपणे बेतलेले आहे त्यामुळे लागोपाठच्या दोन वळणांत गाडी पहिल्या वळणाचे झुकणे संपवून मगच दुसऱ्याकडे वळते. आणखी एक अडचण अगदी घरगुती होती. एक्सईची लांबी ४.६७ मीटर आहे, ग्रान लिमोझिनची ४.८२. आमच्या सोसायटीत स्टिल्टखाली माझ्या जागेच्या मागे खांब आहे आणि पुढून बाकीच्यांच्या गाड्या वळतात, त्यामुळे हे पंधरा सेंटिमीटर रोज संध्याकाळी कुणाच्या तरी रस्त्यात येणार होते.

मर्सिडीजची सी-क्लास हा खरे तर सगळ्यात समंजस पर्याय होता, आणि कुणी मला सल्ला विचारला तर मी तोच देईन. २०२२ मध्ये भारतात आलेली ही पिढी चाकणला जोडली जाते. लांबी ४.७५ मीटर आहे, म्हणजे खांबाशी जमवून घेता येईल इतकी. सी २२० डी या डिझेल गाडीची २०० अश्वशक्ती आणि ४४० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवण्याचा जोर) एक्सईच्या १८० आणि ४३० या आकड्यांच्या जवळ आहेत, त्यामुळे पायाखालची सवय बदलावी लागली नसती. खराब रस्त्यावर तिची चाल एक्सईपेक्षा शांत आहे. गायमुखच्या घाटात, जिथे पावसाळ्यानंतर रस्ता आणि खड्डे यांतले मूळ कोणते हे सांगता येत नाही, तिथे आतल्या माणसांचे बोलणे तुटले नाही. पण गाडीतले बहुतेक सगळे काम मधल्या मोठ्या पडद्यावर बोट फिरवून करावे लागते. एसीचे तापमान कमी करण्यासाठीसुद्धा नजर रस्त्यावरून खाली आणावी लागते. एक्सईचे स्टार्टचे बटण दाबले की गिअरचा गोल खटका कन्सोलमधून वर येतो आणि न बघता हाताला सापडतो. नऊ-दहा वर्षांपूर्वी मला तो निव्वळ दिखावा वाटला होता, आज त्याची किंमत कळते. सी-क्लासचे स्टिअरिंग अचूक आहे, पण हातांना रस्त्याबद्दल फारसे काही सांगत नाही.

डिझेलबद्दलही पुन्हा विचार करावा लागला. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि ती काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने चालवावी लागते. माझा रोजचा प्रवास पाचपाखाडी ते वागळे इस्टेट इतकाच आहे. नाशिकला सासुरवाडी असल्यामुळे एक्सईला तो व्यायाम मिळत राहिला, पण आता तिकडच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत. शिवाय महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स आहे आणि पेट्रोलला १३. साठ-पासष्ट लाखांच्या गाडीवर दोन टक्के म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास रक्कम होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरचा सेस रद्द होऊन जीएसटी सरसकट ४० टक्के झाला, त्यामुळे नव्या गाड्यांच्या किमती खाली आल्या हे खरे, पण त्या एवढ्याही खाली आल्या नाहीत की मनातल्या शंकांकडे काणाडोळा करावा.

विजेवरच्या गाड्यांनी मात्र ही रचना परत आणली, आणि ते त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. बीवायडी या चिनी कंपनीच्या सील या गाडीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत एकच मोटर आहे आणि ती मागच्या चाकांना चालवते. बीएमडब्ल्यूच्या आय-४ ची ईड्राइव्ह-४० ही आवृत्तीही तशीच. सीलच्या किमतीत मिळणारा वेग पाहता बाकीच्या गाड्या विकणाऱ्यांनी काळजी करावी अशी स्थिती आहे. पण मोठ्या बॅटरीची सील आणि आय-४ या दोन्ही गाड्यांचे वजन २,००० किलोच्या वर जाते, तर माझ्या एक्सईचे १,६०० किलोच्या आसपास आहे. हा फरक सरळ रस्त्यावर मोटर लपवते, वळणात मात्र तो लपत नाही. सीलमध्ये बॅटरी पायाखाली असल्यामुळे मागची जमीन वर येते, गुडघे उंच राहतात आणि मांडीला आधार कमी मिळतो. आईने बसल्याबरोबर, “पाटावर बसल्यासारखं वाटतंय,” असा निकाल दिला. शिवाय आमच्या जुन्या सोसायटीत चार्जरसाठी वेगळा मीटर आणि केबल घेण्याचा विषय सर्वसाधारण सभेत मांडावा लागेल, आणि त्या सभेत अजून पाण्याच्या टाकीचा विषय संपलेला नाही.

शेवटी नजर जुन्या बाजाराकडे वळवली. बीएमडब्ल्यू थ्री सिरीजमधली साध्या व्हीलबेसची, जी-२० या पिढीची ३३० आय ही पेट्रोल गाडी ऑगस्ट २०१९ मध्ये भारतात आली होती. २५८ अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर, मागची चाके, आणि वजनाचा तोल पुढे-मागे जवळपास समसमान. २०२३ च्या बदलानंतर भारतात थ्री सिरीज म्हणजे लांब ग्रान लिमोझिन किंवा चारही चाकांवर चालणारी एम ३४० आय, एवढेच दोन पर्याय उरले आणि ही मधली गाडी गळाली. म्हणजे एका बंद झालेल्या गाडीच्या जागी मी दुसरी बंद झालेली गाडी पाहत होतो, पण फरक असा की हिचे इंजिन आणि बहुतेक सुटे भाग विक्रीत असलेल्या गाड्यांमध्येही वापरले जातात.

या बाजारात दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात. त्यांच्या मोहात पडण्याआधी हिशेब पूर्ण करावा. दुसऱ्या राज्यातून एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणून गाडी इथे नोंदवायची तर इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तिकडचा परतावा मिळवण्यासाठी तिकडच्या आरटीओच्या मागे लागावे लागते, आणि किमतीतला फरक त्यातच विरघळतो. म्हणून मी केवळ एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) याच पाट्या पाहिल्या. नवी मुंबईत, नेरुळला, २०२० सालची, एकाच मालकाची एक गाडी मिळाली. वागळे इस्टेटमधले आमचे गॅरेजवाले काका ती बघायला माझ्याबरोबर आले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी चारही टायरांवरचा उत्पादनाचा आठवडा वाचला, मग दाराच्या रबराखाली बोट घालून कारखान्यातल्या मूळ स्पॉट-वेल्डिंगचे ठिपके शाबूत आहेत का ते चाचपले, आणि लिफ्टवर चढवल्यावर मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) सीलभोवती ओल आहे का ते टॉर्च धरून पाहिले. “साहेब, गाडी सरळ आहे,” ते म्हणाले, “पण हे टायर रनफ्लॅट आहेत, आणि चारही घासलेत. ते पैसे भावातून कापून घ्या.” रनफ्लॅट टायरची बाजू जाड आणि कडक असते, पंक्चर झाल्यावरही गाडी काही अंतर चालावी म्हणून. आपल्या रस्त्यांवर त्याचे हादरे मात्र रोज सोसावे लागतात. साधे टायर आणि डिकीत एक स्टेपनी, असा बदल करायचे ठरवले आहे.

पाम बीच रोडवर गाडी चालवून पाहिली तेव्हा स्टिअरिंग एक्सईपेक्षा जड आणि थोडे कोरडे वाटले, पण सिग्नलनंतरच्या लांब वळणात गाडी ज्या निश्चिंतपणे मागून रेटा देते ते ओळखीचे होते. आई मागे बसली होती. ग्रान लिमोझिनइतकी जागा नाही हे तिने लगेच सांगितले, मात्र दार एक्सईपेक्षा रुंद असल्यामुळे ती कुणाचाही हात न घेता उतरली.

व्यवहार ठरला आहे. गाडीवर कर्ज होते, त्यामुळे मालकाकडून बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही, असे ठरले आहे. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून ठेवले आहेत. एक्सई आधी विकावी लागेल, कारण विम्याचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून मालकाचा असतो आणि जुनी गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्यावर तो नव्या गाडीच्या विम्यात वळवून घेता येतो. माझ्याकडे तो ५० टक्के जमलेला आहे, तेव्हा कागदांचा क्रम तेवढा चुकवायचा नाही.