फेरवापराचे पाणी आणि पाच वर्षांची मुदत

खनिज प्रक्रियेत पीएचडी करू इच्छिणारे विद्यार्थी मला आधी विचारतात ते अधिछात्रवृत्तीच्या रकमेबद्दल. सीएसआयआरची (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची) कनिष्ठ अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर, प्रगती समाधानकारक असल्यास, ती ४२,००० होते आणि एकूण मुदत पाच वर्षांची असते. उदरनिर्वाहापुरती ही रक्कम मला पुरेशी वाटते. खरी ओढाताण प्रयोगांच्या खर्चाची होते, कारण वार्षिक आकस्मिक अनुदान अवघे २०,००० रुपयांचे असते.

हा खर्च कुठे होतो, ते खनिज वेगळे करण्याच्या फेन-प्लवन पद्धतीवरून कळेल. तीत बारीक दळलेल्या खनिजाचे कण हवेच्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि नको असलेले कण पाण्यात राहतात. प्रयोगशाळेत स्वच्छ पाणी वापरले की निष्कर्ष सुरेख येतात. परंतु शाश्वत प्रक्रियेत तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरावे लागते, त्यात कॅल्शियमचे आयन आणि उरलेली रसायने साठत जातात आणि कणांचे वर्तनच बदलते. हा बदल समजून घ्यायचा, तर प्रत्येक फेरीनंतर पाण्याचे व घन अवशेषांचे रासायनिक विश्लेषण करावेच लागते, आणि पैसा नेमका तिथेच संपतो.

जानेवारी २०२५मध्ये केंद्राने १६,३०० कोटींच्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानाला मंजुरी दिली. त्याअंतर्गत मुंबई आणि धनबादच्या आयआयटींना, तसेच भुवनेश्वर व जमशेदपूर येथील सीएसआयआर प्रयोगशाळांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा मिळाला आहे. या निधीतला ठरावीक वाटा संशोधक विद्यार्थ्यांच्या विश्लेषणखर्चासाठी स्वतंत्रपणे राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे.