केमन ९८१, तिसरं वर्ष: २७,८५० किलोमीटर आणि आजवरचा हिशेब

रविवारी सातारा रस्त्यावरच्या सुरूरहून परतलो तेव्हा मीटरवर २७,८५० झाले होते. वहीत आकडा लिहिला, तारीख टाकली आणि तिसरं वर्ष पूर्ण झालं. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी २०१४ ची पोर्शे केमन, ९८१ मालिकेतली. २.७ लिटरचं फ्लॅट सिक्स, म्हणजे आडव्या सहा सिलिंडरचं इंजिन, २७५ पीएस (अश्वशक्ती), सात गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ऑगस्ट २०२२ मध्ये मी घेतली तेव्हा ती १४,२०० किलोमीटर चालली होती. आठ वर्षांत फक्त १४,२००. घेताना मला सगळ्यात जास्त भुरळ पाडली ती याच आकड्याने. आज कुणी अशी गाडी दाखवली तर मी पहिले प्रश्न याच आकड्याबद्दल विचारीन.

मला दोनच गोष्टी सतत विचारल्या जातात. किती वेळा काढतोस, आणि वर्षाला किती खाते? तीन वर्षं प्रत्येक वेळी सेल्फ मारला की वहीत ओळ लिहितोय, त्यामुळे दोन्हींची उत्तरं आता अंदाजाने द्यावी लागत नाहीत.

पहिल्या वर्षी गाडी ३१ वेळा निघाली, २,९०० किलोमीटर. दुसऱ्या वर्षी ४४ वेळा, ४,६०० किलोमीटर. तिसऱ्या वर्षी ५२ वेळा, ६,१५० किलोमीटर. त्यात गोव्याची एक फेरी आहे, जाऊन-येऊन नऊशेच्या वर. पेट्रोल आणि विमा सोडून निव्वळ देखभालीचा खर्च असा: पहिलं वर्ष ३,७१,०००, दुसरं १,१६,५००, तिसरं १,०९,५००. चालवणं दुपटीहून जास्त झालं आणि खर्च तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. किलोमीटरमागे पाहिलं तर १२८ रुपयांवरून १८ रुपयांवर.

ही तुलना सरळ नाही, हे मला मान्य आहे. पहिल्या वर्षाचे पैसे मी त्या वर्षात कमी चालवली म्हणून गेले नाहीत. आधीची आठ वर्षं गाडी बहुतेक वेळ उभी होती, त्याचं बिल माझ्या नावावर फाटलं. पण मला सांगायचंय ते हेच. या गाड्यांचा मोठा खर्च किलोमीटर बघून येत नाही, कॅलेंडर बघून येतो.

टायरचंच बघा. घेतली तेव्हा नक्षी जवळजवळ कोरी होती. विकणाऱ्याने कौतुकाने हात फिरवून दाखवली, मीही फिरवला. टायरच्या कडेला बारीक लंबगोलात चार आकडे असतात, ते मी बघितले नाहीत. घरी आल्यावर टॉर्च घेऊन वाकलो तर ०८१४. म्हणजे २०१४ सालचा आठवा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर, साडेआठ वर्षांचे. नखाने दाबलं तर रबर दबत नव्हतं, आणि रिमच्या वरच्या बाजूला केसासारख्या भेगांचं जाळं पसरलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात भुरभुर पावसात चांदणी चौकाच्या वळणावर मागची बाजू अर्धा हात बाहेर सरकली. वेग चाळीससुद्धा नव्हता. चारही टायर बदलले: पुढे २३५/४५ आर १८, मागे २६५/४५ आर १८, पोर्शेने मान्य केल्याची एन खूण असलेले. १,२८,०००.

मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. बेसमेंटच्या फरशीवर मागच्या चाकाजवळ गुलाबी ठिपके दिसायला लागले. पोर्शेचं कूलंट गुलाबी असतं आणि सुकलं की पांढुरकी-गुलाबी खपली धरतं. कूलंटच्या पंपाखाली तशी खपली बोटाने निघत होती. पंप, थर्मोस्टॅट, नवीन कूलंट आणि मजुरी धरून १,१२,०००. हा पंप रोज धावणाऱ्या गाड्यांमध्येही जातो, म्हणून सगळा दोष उभं राहण्यावर टाकत नाही. माझ्या मेकॅनिकचं म्हणणं वेगळं आहे. "दादा, सील ओलं राहिलं तर जगतं. तुमचं वर्षानुवर्षं एकाच जागी बसून होतं." तीस वर्षं हाताने काम केलेल्या माणसाचं मत म्हणून लिहून ठेवतोय.

उंदरांनी वायरिंग कुरतडलं त्याचे ४१,००० गेले. ते शंभर टक्के उभं राहण्याचं बिल. ऑइल-फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड मिळून ५८,०००. राहिली बॅटरी, ३२,०००. तिची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण अशी वेळ तुमच्यापैकी कुणावरही येऊ शकते.

घेतल्यानंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच एकदा पाच आठवडे गाडी काढली नव्हती. आधी पाऊस, मग गणपती, मग कामाची गर्दी. खाली गेलो, रिमोट दाबला, काहीच नाही. बॅटरी पार उतरलेली. या गाडीत इंजिन मध्ये, सीटच्या मागे. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं. म्हणजे बॅटरीपर्यंत पोहोचायला डिकी उघडायला हवी आणि डिकी उघडायला बॅटरी. वॉचमनकाका टॉर्च घेऊन आले. दार रिमोटमधल्या साध्या किल्लीने उघडलं. पायांपाशी फ्यूजबॉक्स असतो, त्यात एक लाल टर्मिनल बाहेर ओढता येतं. दुसऱ्या बॅटरीचा लाल चिमटा त्याला लावायचा आणि काळा दाराच्या चौकटीतल्या कुलपाच्या लोखंडी कडीला. काळा चिमटा कडीला टेकताच अलार्म सुरू झाला आणि सगळं बेसमेंट दणाणलं. वरून दोन बिऱ्हाडं खाली आली. रिमोट दाबला, अलार्म थांबला आणि डिकीचं झाकण टक् करून सुटलं. काका म्हणाले, "साहेब, रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत जा की."

हा सल्ला सगळेच देतात, अगदी मायेने देतात, आणि तो गाडीला मारक आहे. जागच्या जागी पाच मिनिटं चालवलेलं इंजिन गरम होत नाही. थंड इंजिनात पेट्रोलचं मिश्रण जास्त दाट असतं. त्यातलं न जळलेलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. जळण्यातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचून राहतं, कारण ते उडून जाण्याइतकी उष्णता तयारच होत नाही. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेलं पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये पुरतं भरून निघत नाही. चालवायची तर नीट गरम होईपर्यंत चालवायची, नाहीतर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनन्स चार्जर लावून शांत उभी ठेवायची. आता बेसमेंटमध्ये सोसायटीच्या परवानगीने वेगळा मीटर घेतलाय, चार्जर कायम लावलेला असतो. त्यानंतर बॅटरीने एकदाही त्रास दिलेला नाही.

हल्ली माझा नेम असा: दहा दिवसांतून एकदा तरी, निदान चाळीस मिनिटं. रविवारी साडेपाचला कोथरूडहून निघतो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी आणि पुढे ताम्हिणी. कूलंटच्या तापमानाचा काटा भूगाव येईपर्यंत जागेवर येतो, ऑइलला त्याहून बराच वेळ लागतो. सात लिटरांहून जास्त ऑइल आहे, ते तापायला वेळ घेणारच. काट्यांमधल्या स्क्रीनवर ऑइलचं तापमान दिसतं; ते ८० च्या वर जाईपर्यंत मी ३,००० आरपीएमच्या पुढे जात नाही. मुळशीच्या पाण्याच्या कडेने रस्ता वळायला लागतो तोवर सगळं तयार असतं. मग एकदा तरी ७,००० च्या पुढे नेतो. या इंजिनाची पूर्ण ताकद ७,४०० ला मिळते आणि तिथला आवाज पाठीच्या कण्यात ऐकू येतो. तेवढ्यासाठी मी साडेपाचला घराबाहेर पडतो.

पावसाळ्यात ताम्हिणी बंद ठेवतो. गर्दी असते, दरडीही येतात. तेव्हा सातारा रस्त्याने सुरूरपर्यंत जाऊन परत. पावसात पोर्शे काढतोस म्हणून दोघा-तिघांनी हळहळ व्यक्त केली. परत आल्यावर साध्या पाण्याने खालून धुतो, ब्रेक सुकेपर्यंत सोसायटीभोवती दोन चकरा मारतो आणि कव्हर घालत नाही. ओल्या गाडीवर कव्हर घातलं की आतल्या चामड्याला बुरशी धरते, हे पहिल्याच पावसाळ्यात शिकलो.

यंदाचं मोठं काम रेडिएटरचं. केमनला इंजिन मध्ये असलं तरी रेडिएटर पुढे, दोन्ही कोपऱ्यांत. बंपरच्या जाळीतून पालापाचोळा आत जातो आणि एसीचा कंडेन्सर व रेडिएटर यांच्या फटीत दडपून बसतो. बंपर उतरवला तर डाव्या बाजूने मूठभर ओला लगदा निघाला. गुलमोहराची बारीक पानं, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि वाळलेला चिखल. हा लगदा ओलावा धरून ठेवतो आणि अॅल्युमिनियम आतून खातो. ७,५०० रुपयांत हे काम झालं. पुढे रेडिएटर सडून बदलायची वेळ आली असती तर याच्या कित्येक पट गेले असते. ज्यांच्याकडे बॉक्स्टर, केमन किंवा ९११ आहे त्यांनी दर पावसाळ्यानंतर टॉर्च मारून जाळीतून आत बघावंच.

बाकी तिसऱ्या वर्षात ऑइल सर्व्हिस ४९,०००, पुढचे ब्रेक पॅड ४४,०००, ब्रेक फ्लुइड ९,०००. फ्लुइड दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान २३० अंश असावा लागतो, पाणी शिरलेल्याचा निदान १५५. घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. दुसऱ्या वर्षी सहाही स्पार्क प्लग आणि कॉइल बदलले, ६२,०००. एका कॉइलला तडा गेला होता, पण सगळ्याच बदलल्या.

पेट्रोलचं वेगळं लिहितो. अॅव्हरेज लिटरला ९ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे या वर्षी जवळपास ६८० लिटर. मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं लिहिलंय आणि आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल ओलावा शोषतं, त्यामुळे टाकीत आठवडेच्या आठवडे पडून राहिलेल्या पेट्रोलची मला जास्त काळजी वाटते. गाडी उभी राहणार असेल तर इथेनॉल नसलेलं, १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरतो. नियमित चालते तेव्हा टाकी साधारण महिन्याभरात बदलते, मग तेवढी चिंता राहत नाही.

किलोमीटर वाढले की भाव पडतो, हे ऐकून मी पहिल्या वर्षी हात आखडता घेतला होता. पण 'मिस्टर बीन'वाल्या रोवन अॅटकिन्सनने १९९७ मध्ये घेतलेली मॅकलरेन एफ१ ही गाडी ४१,००० मैल चालवली, तिला दोनदा अपघात झाला, दुसऱ्या अपघाताच्या दुरुस्तीचं विम्याचं बिल ९,१०,००० पाउंड झालं, आणि २०१५ मध्ये ती ८० लाख पाउंडांना विकली गेली. एफ१ फक्त १०६ बनल्या, केमनशी तिची बरोबरी नाही हे उघड आहे. मला रस आहे तो दुसऱ्या हिशेबात: अठरा वर्षांत ४१,००० मैल म्हणजे वर्षाला साधारण ३,७०० किलोमीटर. जगातल्या सर्वांत मौल्यवान गाड्यांपैकी एक इतकी फिरली, आणि आपल्याकडे तिच्या शंभराव्या हिश्श्याचीही किंमत नसलेल्या गाड्या वर्षाला पाचशे किलोमीटरवर थांबतात.

फेरारी घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनी हे कॅलेंडर आणखी बारकाईने बघावं. ३५५ आणि ३६० मध्ये टायमिंग बेल्ट आहेत आणि ते वर्षं मोजून बदलायचे असतात, मग गाडी दोन हजार किलोमीटर चाललेली असो की वीस हजार. ३६० मध्ये सीटमागच्या पॅनेलमधून हात पोहोचतो, ३५५ चं अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. एफ४३० पासून चेन आली आणि तो खर्च गेला.

उलट बाजूही लिहितो. मुंबईच्या एका मित्राकडे ई-गिअरची लॅम्बोर्गिनी गलार्डो आहे आणि तो ती माझ्यापेक्षा जास्त काढतो. पण त्याचं पार्किंग तळघरात, रॅम्प चढा, रोज रिव्हर्सने वर यायचं आणि बाहेर पडताच ट्रॅफिकमध्ये मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायचं. एकच क्लच, तोही मशीन दाबणार आणि सोडणार. रिव्हर्समध्ये रॅम्पवर तो घासतो आणि वास येतो. त्याला मी नेहमी सांगतो, आठवड्यातून तीनदा वरळीपर्यंत नेण्यापेक्षा महिन्यातून दोनदा पहाटे लोणावळ्याला ये.

विमा तिन्ही वर्षांचा ९२,०००, ८४,००० आणि ७८,०००. गाडी खाली उभी असली काय आणि धावली काय, तो भरायचाच. तो धरला तर या वर्षीचा किलोमीटरमागचा खर्च साधारण साडेतीस रुपये येतो, पेट्रोल वेगळं.

चौथ्या वर्षाची पहिली नोंद आधीच तयार आहे. रविवारी मागच्या टायरची नक्षी मोजली: डावा २.४ मिलिमीटर, उजवा २.६. झिजेची खूण १.६ वर असते, पण पाऊस अजून संपलेला नाही, म्हणून थांबणार नाही. मागची जोडी सांगितली आहे. दुकानदाराला फोनवरच बजावलं, "भाऊ, आधी तारखेचे चार आकडे फोटो काढून पाठवा, मगच पैसे." काल रात्री फोटो आला. १९२५, म्हणजे २०२५ चा एकोणिसावा आठवडा. शनिवारी बसवतोय, रविवारी साडेपाचला वाईपर्यंत.