आमची वाटचाल : स्टुडिओ, समोरचे आणि बाईंचा अल्बम

स्टुडिओला तीस वर्षं झाली म्हणून मुलगी मागे लागली, बाबा काहीतरी लिहा. वाटचाल कसली, 1994 पासून एकाच गाळ्यात बसलोय, सांगलीत मारुती चौकाच्या मागच्या बोळात, मी हललो नाही, समोर दुसरे स्टुडिओवाले तेवढे आले. त्यांचं नाव घेत नाही, "समोरचे" म्हणतो, आमच्या घरातही तेच म्हणतात.

सुरुवात यशिका 635 कॅमेऱ्यावर, सेकंडहँड. 120 चा रोल, बारा फोटो, बारा म्हणजे बाराच, त्यामुळे गिऱ्हाईक बसलं की दहा मिनिटं नुसत्या गप्पा मारायच्या आणि मग एकदाच दाबायचं. हजार हजार वॅटचे दोन हॅलोजन, उन्हाळ्यात नवरानवरी घामाने निथळायचे. निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग, सुरकुती किती मारायची आणि किती ठेवायची हे हाताला कळायचं. आता स्लायडर आहे, हाताला काही कळत नाही.

दर सोमवारी रात्री आम्ही सहा-सात फोटोग्राफर अण्णांच्या माडीवर जमायचो. अण्णा आमच्यात सगळ्यात मोठे, त्यांचा स्टुडिओ तोवर मुलाकडे गेलेला. प्रत्येकाने 8 बाय 10 चा एक प्रिंट आणायचा आणि ज्याचा प्रिंट त्याने बोलायचं नाही, हा नियम. मध्ये भडंगाचं ताट, आणि भडंगाचे हात प्रिंटला लावले की अण्णा ओरडायचे. अण्णा प्रिंट घेतला की आधी उलटा धरायचे, डोकं खाली. म्हणायचे, सरळ बघितला की तू माणूस बघतोस, उलटा धर म्हणजे नुसता उजेड दिसेल. आणि खरंच दिसायचा हो, कपाळ पेटलंय, नाकाची सावली ओठावर उतरलीय, मागचा पडदा तोंडापेक्षा उजळ आहे, जे आठवडाभर दिसलं नव्हतं ते. तीन-चार वर्षं मी तिथून रोज... म्हणजे दर सोमवारी पडेल तोंडाने घरी जायचो. पण सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढची पांढऱ्या कापडाची पेटी, उजेड मऊ करणारी) कुठे ठेवायचा हे मला कुठल्या कोर्सने शिकवलेलं नाही, त्या माडीने शिकवलं.

आमच्या एक बाई आहेत, शाळेतल्या, आता रिटायर. 1995 च्या गुढीपाडव्याला त्या आणि सर फोटो काढायला आले, आणि मग दर पाडव्याला. तीच खुर्ची, सर उभे, बाई बसलेल्या. सर गोरे, बाई चांगल्या सावळ्या, म्हणजे फोटोग्राफरची परीक्षाच, एकाला धरलं की दुसरा जातो. उजेड सरांपासून जरा लांब आणि बाईंकडे जवळ ठेवायचा, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पावपट होतो, हे गणित मला त्या जोडप्याने पाठ करायला लावलं. पैसे कधी कमी करा म्हणाल्या नाहीत, एवढंच म्हणायच्या, मी दिसले पाहिजे.

2008 ला समोरचे आले. एसी, काच, दुकानातच मशीन, दहा मिनिटात आठ पासपोर्ट. आणि शोकेसमध्ये नवऱ्या, एकजात दुधात बुडवून काढलेल्या. दोन महिन्यात माझं गिऱ्हाईक म्हणायला लागलं, समोर गोरा काढतात, तुमच्याकडे काळा येतो. मग मीही सुरू केलं, लपवत नाही. एक स्टॉप जास्त एक्सपोज, म्हणजे उजेड दुप्पट, वरून फोटोशॉपमध्ये कर्व्ह ओढायचा, कातडी गुळगुळीत. तरी शाळांच्या आयकार्डचं काम त्यांनी नेलंच, पोरामागे कितीला घेतलं ते मला माहिताय, त्यात लॅमिनेशनही सुटत नाही. 2010-11 ला अशी वेळ आली की दोन फ्लॅशपैकी एक विकला आणि झेरॉक्स मशीन आणलं. स्टुडिओत झेरॉक्स! बायको काउंटरवर बसून सातबाराच्या कॉप्या काढायची आणि मी आत एका फ्लॅशवर, दुसऱ्या बाजूला उजेड परत फेकायला थर्माकोल लावून. (आता सांगतो, एक फ्लॅश आणि थर्माकोल यावर अख्खं आयुष्य निघतं. नवीन पोरांनी आधी चार लाईट घेऊ नयेत.)

आणि त्याच साली एका सोमवारी माडीवर गेलो तर समोरचे बसलेले, भडंग खात. अण्णांनीच बोलावलेलं. मी प्रिंट पिशवीतून काढलाच नाही, चहा घेतला आणि उठलो, तो आठ वर्षं गेलो नाही.

2013 पासून धंदा बरा चालला, सांगण्यासारखं काही नाही.

मग ऑगस्ट 2019. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट, त्या वर्षी पाणी 57 च्या वर गेलं. आमच्या बोळात सगळ्यांच्या भिंतीवर 2005 च्या पुराची खूण होती, सगळ्यांनी माल त्या खुणेच्या वर ठेवला, मीही, आणि पाणी खुणेच्याही वर आलं. इतक्या वर्षांच्या निगेटिव्ह, बटरपेपरच्या पाकिटात वर्षवार लावलेल्या, लगदा झाला. मी येडपटासारखं ते गठ्ठे उन्हात ठेवले, फिल्मवरचं जिलेटिन वाळलं आणि चिकटून विटा झाल्या. कुणावर अशी वेळ आली तर ओल्या निगेटिव्ह वाळू देऊ नका, स्वच्छ गार पाण्यात ठेवा आणि एकेक सोडवा. मला हे कुणी सांगितलं नाही, सांगायला मी माडीवर जात कुठे होतो.

19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, दरवर्षी केक वगैरे. त्या वर्षी अण्णा पायजमा वर खोचून पोरांना घेऊन आले, गाळ काढायला. समोरचेही आले, त्यांचं मशीन आतून चिखलाने भरलं होतं. दुपारी बाई आल्या, त्या विश्रामबागेत राहतात म्हणून अल्बम वाचला होता. म्हणाल्या, तुमचं सगळं गेलं असं ऐकलं, हे ठेवा तुमच्याकडे. 1995 ते 2019, पंचवीस पाडवे.

सगळे पायरीवर बसून बघायला लागले. कुणी काही बोलेना. मग समोरच्यांनी अल्बम उलटा धरला, अण्णांसारखा, आणि पानं उलटत 2009 वर थांबले. म्हणाले, "इथपर्यंत बाई आहेत. इथून पुढं बाईंची गोरी बहीण बसलीय."

मला असा राग आला की काय सांगू. ही गोरं करायची साथ बोळात आणली कुणी? यांच्याच शोकेसने ना? पण नियम आपलाच, ज्याचा प्रिंट त्याने बोलायचं नाही. आणि बाई समोरच उभ्या, त्या हसल्या, म्हणाल्या, मला वाटलं वयाने उजळले असेन.

दहा वर्षं त्या मला दिसल्या नव्हत्या.

पुढच्या सोमवारी माडीवर गेलो. घडी घातलेला पडदा, उसना फ्लॅश, बायको मॉडेल, तीही सावळी. सावळ्या कातडीला जास्त उजेड लागत नाही, बाजूने येणारा मोठा उजेड लागतो, म्हणजे गालाच्या हाडावर चमक येते आणि ती चमकच आकार दाखवते. हे मला पूर्वी येत होतं! परत शिकायला सात-आठ प्रिंट फुकट गेले, प्रत्येकावर समोरचे काहीतरी बोलले. मध्येच कुणीतरी फोटो मोबाईलवर दाखवायला लागला तर अण्णा म्हणाले, ब्राईटनेस वाढवला की माझी म्हैसही गोरी दिसते, प्रिंट आण.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता, लॉकडाऊनचा पहिला दिवस. ते पान कोरं आहे. 2021 चंही. 2022 ला 2 एप्रिलला पाडवा, त्याच दिवसापासून निर्बंध उठले आणि सकाळी दहाला बाई आल्या, एकट्याच. खुर्ची तीच मागितली. मी गप्पा मारत बसलो, पंधरा मिनिटं, मग दाबलं.

(चष्मेवाल्यांच्या काचेत फ्लॅश दिसतो ना, चष्मा काढायला लावू नका. दांडी कानावरून बोटभर वर उचला, काच खाली झुकते, चकाकी जाते. बाईंना आता चष्मा आहे.)

तो प्रिंट सोमवारी नेला. अण्णांनी उलटा धरला, सरळ धरला, आणि भडंगाचं ताट माझ्याकडे सरकवलं. समोरच्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, चांगलाय, पण डावीकडचा थर्माकोल अर्धा फूट मागे पाहिजे होता, सावली मेली. मी नियमाप्रमाणे काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून थर्माकोल अर्धा फूट मागे घेतला, जमिनीवर टेपची खूण केली. ती खूण त्यांना दिसू नये म्हणून वर पायपुसणं टाकलंय.