युक्लिड बीचच्या आठवणी

आज दुपारभर अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या एका ग्रंथालयात रेकॉर्डर घेऊन बसले होते. ईरी सरोवराकाठचं युक्लिड बीच पार्क हे पाळणे-झोपाळ्यांचं करमणूक उद्यान 1969 मध्ये बंद पडलं, त्याच्या आठवणी गोळा करायला. माझा संबंध एवढाच, की येताजाता ती उरलेली जुनी कमान दिसते.

बहुतेक जण आधी पॉपकॉर्नच्या लाडवांवरच आले. (हो, लाडूच! पाकात वळलेले, आपल्या राजगिऱ्याच्या लाडवांसारखे.) एका आजोबांनी मेणकागदातल्या टॉफीला पीळ कसा द्यायचे तेही हवेत करून दाखवलं.

मग नव्वदीला टेकलेल्या एक कृष्णवर्णीय आजी बसल्या. "आम्हाला नाचघरात सोडत नसत," एवढंच म्हणाल्या. यावरूनच 1946 मध्ये तिथे निदर्शनं झाली होती. माझ्या कागदावर पुढचा प्रश्न होता, 'सगळ्यात जास्त मजा कशात यायची?' मला तो विचारवेना. गप्प बसले.

शेवटी त्याच बोलल्या. तिथलं 1910 चं मेरी-गो-राउंड आता दुरुस्त होऊन शहराच्या इतिहास संग्रहालयात फिरतं. पणतीला घेऊन गेल्या होत्या म्हणे.

"ती घाबरली. मग मीच बसले घोड्यावर."