पॅरिसचा नियोजित कॉन्सुल

नवी पेठेत, गांजवे चौकाच्या मागच्या गल्लीत माझी अभ्यासिका आहे. पहिला मजला, ५४ खुर्च्या, एक वॉटर कूलर आणि दाराशी मी स्वतः रंगवलेली पाटी: ‘फोनवर बोलायचे असल्यास खाली जावे. खाली गेल्यावरही हळू बोलावे. तळमजल्यावर वकील राहतात.’

गेल्या महिन्यात पावसाने मागची भिंत ओली झाली म्हणून पुस्तकांचं कपाट पुढे ओढलं, तर मागे बुटांचा एक खोका. खोक्यात व्हिजिटिंग कार्डं. जाड कागद, कडेला सोनेरी रेघ, मधोमध नाव आणि नावाखाली ‘उपजिल्हाधिकारी (नियोजित)’.

कार्डांचा मालक १७ नंबरच्या खुर्चीवर सहा वर्षं बसला. स्पर्धा परीक्षेची पूर्व दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही. तरी गावाकडच्या लग्नात, बँकेत, एसटीत शेजारी बसलेल्याला तो हे कार्ड काढून द्यायचा. पोरं त्याला ‘साहेब’ म्हणायची आणि त्यातली थट्टा त्याला कळायची नाही. किंवा कळायचीही, काय माहीत. एका दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. डिपॉझिट न्यायलाही नाही.

कार्डं हातात घेऊन तिथेच फरशीवर बसलो आणि मला चार्ल्स गिटो आठवला. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडणारा.

माझा ऐच्छिक विषय लोकप्रशासन होता. त्यात एक ओळ पाठ असायची: ‘पेंडलटन कायदा, १८८३ : लूट पद्धतीला आळा, गुणवत्तेवर भरती.’ लूट पद्धत म्हणजे निवडून आलेल्या पक्षाने पोस्टमास्तरापासून परदेशातल्या वकिलातीपर्यंत सगळ्या जागा आपल्या माणसांत वाटून टाकायच्या. ही ओळ मी चार वर्षं घोकली. पीएमटीच्या बसमध्ये दांड्याला लोंबकळत घोकली. तिच्यामागे एक मुडदा आहे, खरं तर दोन, हे कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. ते कळलं परीक्षांचा नाद सोडल्यावर, रात्री अकराला शेवटची पोरं उठायची वाट बघत वाचताना. परीक्षा सुटली की वाचनाला चव येते.

हा गिटो १८४१ सालचा, इलिनॉयमधल्या फ्रीपोर्ट गावचा. आई लहानपणीच गेली. वडील एका धर्मगुरूचे भक्त. त्या गुरूची न्यू यॉर्क राज्यात ओनायडा नावाची वसाहत होती. तिथे मालमत्ता सगळ्यांची, आणि लग्नही सगळ्यांचं सगळ्यांशी. ऐन विशीत गिटो तिथे राहायला गेला आणि पाचेक वर्षं राहिला. अशा ठिकाणीसुद्धा त्याला कुणी जवळ करेना. आडनावाची मोडतोड करून लोक त्याला ‘गेट आउट’ म्हणायचे. सामुदायिक लग्नातही जो बिनलग्नाचा राहतो, त्याचं काय करणार?

बाहेर पडून धार्मिक दैनिक काढायला निघाला, ते निघालं नाही. गुरूवरच दावा लावला, तोही फसला. शिकागोला वकील झाला. वकिली म्हणजे थकबाकीची वसुली, आणि वसूल झालेले पैसे स्वतःच्या खिशात. खोलीचं भाडं थकलं की रातोरात गाशा गुंडाळायचा. बायकोला मारायचा, रात्रभर कपाटात कोंडायचा. १८७४ मध्ये तिने घटस्फोट घेतला. मग गुरूचंच लिखाण उचलून स्वतःच्या नावाने पुस्तक छापलं आणि गावोगाव प्रवचनं द्यायला लागला. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्याची दया येणार आहे. मलाही येते. म्हणून ते कपाट लक्षात ठेवावं.

जून १८८० मध्ये तो ज्या बोटीवर होता ती धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळली. त्या दुसऱ्या बोटीवरची बरीच माणसं मेली, याला खरचटलंही नाही. याने अर्थ काढला की देवाने आपल्याला काहीतरी मोठ्या कामासाठी राखून ठेवलं आहे. मोठं काम म्हणजे राजकारण. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासाठी त्याने प्रचाराचं एक भाषण लिहिलं. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी गारफिल्ड यांना मिळाली, तर भाषणातलं ग्रँट खोडून गारफिल्ड केलं, बाकी मजकूर जवळपास तसाच. ते छापून वाटलं, कुठे एकदा-दोनदा म्हटलं असेल. देशभर मिळून दहा हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने गारफिल्ड पुढे राहिले. गिटोच्या हिशेबात ती मतं त्याची होती. बदल्यात आधी व्हिएन्नाची वकिलात मागितली, मग विचार केला, पॅरिस बरं, तिथे कॉन्सुल म्हणजे वाणिज्यदूत होऊ.

मार्च १८८१ मध्ये तो वॉशिंग्टनला येऊन बसला. त्या काळी राष्ट्राध्यक्षांच्या घरी कुणीही जाऊन थांबू शकायचं, आणि नोकरी मागणाऱ्यांची तिथे रोज जत्रा असायची. जुन्या मराठीत ‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकीचा नव्हता. नोकरी मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी खेटे घालणारा तो उमेदवार. गिटो हा असा जातिवंत उमेदवार. एकदा गारफिल्ड यांच्या हातात त्याने ते भाषण ठेवलंसुद्धा. पहिल्या पानावर ‘पॅरिस’ लिहून तिथून स्वतःच्या नावापर्यंत रेघ ओढली होती, म्हणजे साहेबांना शोधायला नको. थंडीत पायात मोजे नाहीत, अंगावर धड कोट नाही, आणि रोज चिठ्ठ्या. शेवटी १४ मे रोजी परराष्ट्रमंत्री ब्लेन वैतागले. पॅरिसच्या जागेबद्दल जन्मात पुन्हा माझ्याशी बोलू नका, म्हणाले.

हे वाक्य मी वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, आणि मी पुस्तक मिटलं.

कारण १९९७ च्या महापालिका निवडणुकीत मीही एकाची पत्रकं लिहिली होती. त्यांचं नाव नको, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाषा बरी म्हणून मला धरलं. ‘तू लिही, निवडून आलो की तुला महापालिकेत चिकटवतो.’ दोन मुलाखतींतून घरी आलेला माणूस मी. चिकटायला एका पायावर तयार होतो. भाऊ निवडून आले. त्यानंतर साडेचार महिने मी रोज सकाळी नऊला त्यांच्या संपर्क कार्यालयाबाहेरच्या बाकड्यावर. त्या बाकड्याचा डावा पाय आखूड होता, खाली घडी केलेलं पत्रक घातलेलं. माझंच. ‘बघू’, ‘सोमवारी ये’, ‘साहेबांच्या कानावर घातलंय’. एक दिवस चार माणसांत म्हणाले, ‘अरे, तू रोज रोज येऊन बसतोस, लोक मला विचारतात हा कोण. उद्यापासून येऊ नकोस.’

त्या रात्री मी त्यांच्या घरासमोर गुलमोहराखाली अर्धी वीट घेऊन उभा होतो. गाडीची काच, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. गाऊनवर शाल, हातात डबा. ड्रायव्हरला म्हणाल्या, ‘पोळ्या आजच्याच आहेत, भाजी गरम करून घे.’ मी वीट खाली ठेवली. फेकलीसुद्धा नाही, ठेवली. आवाज होऊ नये म्हणून.

गिटोनेही एकदा पिस्तूल खिशात असून गारफिल्ड यांना जाऊ दिलं होतं. आजारातून उठलेली त्यांची बायको त्यांच्या हाताला धरून स्टेशनात चालली होती, तिची अवस्था बघून याचं मन धजेना. फरक एवढाच की मी वीट ठेवून लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात हिशेब लिहायला लागलो, आणि त्याने पुन्हा दिवस शोधला. एवढाच म्हणतो खरा, पण मधे आख्खी नदी आहे. त्याला अंथरुणात पडल्यापडल्या साक्षात्कार झाला होता की राष्ट्राध्यक्ष बाजूला झाले की पक्षातलं भांडण मिटेल. भांडण खरंच होतं. रिपब्लिकनांत ‘स्टॉलवर्ट’ आणि ‘हाफ-ब्रीड’ असे दोन गट न्यू यॉर्कच्या जकात कचेरीवर कुणाचा माणूस बसणार यावरून हातघाईवर आलेले. उपाध्यक्ष आर्थर स्टॉलवर्टांचे. गिटोने ठरवलं, देवाची मर्जी आर्थर यांच्यावर आहे.

पिस्तूल उसन्या पैशांतून घेतलं. लाकडी मुठीचं स्वस्त, हस्तिदंती मुठीचं महाग. याने हस्तिदंती निवडलं, म्हणे पुढे म्युझियममध्ये शोभून दिसेल. मग पोटोमॅकच्या काठी जाऊन नेम धरायचा सराव. तुरुंग कसा आहे तेही आधी जाऊन बघून आला, पसंत पडला. २ जुलै १८८१ च्या सकाळी बाल्टिमोर अँड पोटोमॅक रेल्वेच्या स्टेशनात त्याने बुटांना पॉलिश करून घेतलं आणि परत न्यायला घोडागाडी ठरवून ठेवली, तुरुंगाकडेच. गारफिल्ड ब्लेन यांच्याबरोबर आत आले. दोन गोळ्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत. सेनाप्रमुख जनरल शर्मन यांच्या नावाची चिठ्ठी तयार होती: राष्ट्राध्यक्षांना मी मारलं आहे, सैन्य पाठवून तुरुंग ताब्यात घ्या.

अभ्यासिकेतल्या एका पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘काका, म्हणजे आपल्या चापेकरांसारखा?’ पुण्यात गोळीचा विषय निघाला की गणेशखिंड येतेच. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, ‘रँडच्या वेळी घराघरात प्लेगची पथकं शिरत होती रे. याच्या घरात कोण शिरलं होतं? याला पॅरिसला जायचं होतं.’ पाटी मीच लिहिलेली, आणि ओरडत होतो मीच.

पाठीतल्या गोळीने गारफिल्ड लगेच मेले नाहीत. ७९ दिवस झिजले. मुख्य डॉक्टर होते ब्लिस. गंमत म्हणजे त्यांच्या आईवडिलांनी त्यांचं नावच ‘डॉक्टर’ ठेवलं होतं, डॉक्टर विलार्ड ब्लिस. गोळी शोधायला जखमेत न धुतलेली बोटं आणि सळया घातल्या गेल्या. ब्रिटिश सर्जन लिस्टर यांचं जंतुनाशक तंत्र युरोपात रुळत होतं, इथे बऱ्याच डॉक्टरांना ते थोतांड वाटायचं. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन आले, तर ब्लिस यांनी शरीराची उजवीच बाजू तपासू दिली, आणि गादीखाली लोखंडी स्प्रिंगा होत्या. गोळी डावीकडे होती. जखमेत पू झाला, अंगात विष पसरलं आणि १९ सप्टेंबरला न्यू जर्सीच्या समुद्रकाठी ते गेले.

मग गिटो कोर्टात म्हणतो, मारलं डॉक्टरांनी, मी फक्त गोळी घातली. वैद्यकाच्या दृष्टीने अगदीच खोटं नाही, म्हणून जास्त राग येतो. खटला नोव्हेंबरात सुरू झाला. मेव्हणा वकील म्हणून उभा राहिला, तर हा भर कोर्टात त्यालाच मूर्ख ठरवायचा. कविता म्हणायचा, न्यायाधीशांना मधेच तोडायचा, लग्नासाठी वर्तमानपत्रातून मुलगी मागायचा. तो वेडा आहे की नाही यावर डॉक्टरांचे दोन तट पडले. जानेवारी १८८२ मध्ये ज्युरीने तासाभरात दोषी ठरवलं. त्याने नव्या राष्ट्राध्यक्षांना, म्हणजे आर्थर यांना, लिहिलं की तुम्हाला ही खुर्ची माझ्यामुळे मिळाली, निदान सोडा तरी. पुन्हा तोच हिशेब, मी केलं, आता द्या. ३० जून १८८२ ला फाशी झाली. तख्तावर त्याने स्वतः रचलेली, लहान मुलाच्या बोलीतली ‘मी देवबाप्पाकडे चाललो’ अशा अर्थाची कविता वाचून दाखवली.

हस्तिदंती मुठीचं पिस्तूल पुढे हरवलं. मेंदूचे तुकडे मात्र फिलाडेल्फियाच्या म्यूटर म्युझियममध्ये आहेत. स्टेशन पाडलं, त्या जागी आता नॅशनल गॅलरी उभी आहे.

आणि माझी ओळ? १६ जानेवारी १८८३ ला पेंडलटन कायद्यावर सही झाली ती आर्थर यांचीच. हे गृहस्थ स्वतः न्यू यॉर्कच्या त्याच जकात कचेरीचे एकेकाळचे प्रमुख, लूट पद्धतीवरच वाढलेले. सुरुवातीला दहातल्या एखाद्याच सरकारी जागेला परीक्षा लागू झाली, पुढे वाढत गेली. माझ्या नोट्समध्ये पुढचा प्रश्न ‘मेरिट पद्धतीचे फायदे लिहा’ असा होता. फायदे मला आजही तोंडपाठ आहेत. १७ नंबरवाल्यालाही होते. त्याला कुणी ‘सोमवारी ये’ म्हणालं नव्हतं, फक्त दर वर्षी कटऑफ लागायचा. राग धरायला समोर माणूसच नाही, मग तो कार्डं छापत राहिला असेल.

कार्डं फेकवली नाहीत. मागची बाजू कोरी आहे. नवीन पोरगं आलं की तिच्यावर वायफायचा पासवर्ड लिहून देतो. परवा एकाने कार्ड उलटं करून वाचलं आणि विचारलं, ‘काका, हे साहेब आता कुठे असतात?’ मी म्हटलं, गावी. अजून साठेक कार्डं शिल्लक आहेत.