मुंबईतल्या टर्बो गाडीसाठी एअर फिल्टर निवडताना: माझा अनुभव

दोन लिटरच्या टर्बो-पेट्रोल सेडानचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून घ्यायचे, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्याची सेटिंग बदलायची ठरले, तेव्हा ते काम करणाऱ्या ट्यूनरने आधी एअर फिल्टरचा विचार करायला सांगितले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चौकशी सुरू केली आणि लक्षात आले की तिथे सगळी चर्चा हॉर्सपॉवरची आणि आवाजाचीच चालते. फिल्टर धूळ किती अडवतो, असे विचारल्यावर एका दुकानदाराने, "साहेब, धुळीचं सोडा, आधी आवाज तर ऐका," असे उत्तर दिले.

मला मात्र धुळीचे सोडता येत नव्हते, कारण गाडी रोज घाटकोपरहून बीकेसीला मेट्रोच्या आणि पुनर्विकासाच्या कामांमधून वाट काढत जाते. दोन लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन सहा हजार आरपीएमला, टर्बोने जादा कोंबलेली हवा हिशेबात न धरताही, मिनिटाला सुमारे सहा हजार लिटर हवा ओढते. त्या हवेतून आत गेलेली सिलिका (वाळूचे कठीण कण) पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासत राहते.

उघडा कोन फिल्टर, म्हणजे बंद डब्याऐवजी बॉनेटखाली उघडाच बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर, सर्वांत आधी बाद झाला. एका मित्राच्या गाडीत तो बसवलेला आहे. सायनच्या कोंडीत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणारे उपकरण) लावून पाहिले, तर आत येणाऱ्या हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच चढलेले होते. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे फिल्टरने मोकळी केलेली वाट बॉनेटखालच्या उष्णतेने परत घेतली. याला पर्याय म्हणून बंपरमागे खाली उतरणारी कोल्ड एअर इनटेकची (बाहेरची थंड हवा ओढणारी) नळी सुचवली जाते. परंतु पावसाळ्यात अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी पाणी भरलेले असताना त्या नळीतून ते सिलिंडरमध्ये शिरले, तर पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

तेल लावलेल्या कॉटनच्या पॅनेल (चपट्या) फिल्टरने अधिक विचार करायला लावला. तो मूळ एअरबॉक्समध्येच (फिल्टरच्या बंद डब्यातच) बसतो आणि धुऊन पुन्हा वापरता येतो. अडचण त्या धुण्यातच आहे. धुतल्यावर तो सावलीत पूर्ण वाळवावा लागतो, आणि जुलैतल्या मुंबईत जिथे टॉवेलही धड वाळत नाही, तिथे तोवर गाडी उभी ठेवणे आले. त्यानंतर तेल बेताचे लागले पाहिजे: कमी पडले तर धूळ निसटते, जास्त झाले तर ते हवेबरोबर पुढे जाऊन आत येणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तप्त तारेवर बसू शकते, आणि मग सेन्सर हवेचे माप चुकवतो. रीमॅप केलेल्या गाडीत इंधनाचा सारा हिशेब त्या मापावर चालत असताना ही जोखीम मला नको होती.

राहिला कोरडा पॅनेल फिल्टर. आयएसओ 5011 या एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीनुसार धूळ अडवण्याची टक्केवारी, धूळ साठवण्याची क्षमता आणि हवेला होणारा अडथळा हे तिन्ही आकडे ज्याच्या माहितीपत्रकात दिले होते, तोच मी घेतला. चाचणीची धूळ बारीक होती की जाड, हेही पाहिले, कारण जाड धुळीवर टक्केवारी चांगली दिसणे सोपे असते. जुना कागदी फिल्टर काढला, तेव्हा बॉक्सच्या तळाशी पर्जन्यवृक्षाची सुकलेली पाने आणि मातीचा थर निघाला. तो पुसून, नव्या फिल्टरची रबरी कड चारही कोपऱ्यांत नीट बसल्याची बोटाने खात्री केली, कारण कड उचललेली राहिली तर महागातला फिल्टरही निरुपयोगी ठरतो.

डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) नवा कोरा कागदी फिल्टर आणि हा फिल्टर यांत दिसलेला फरक इतका किरकोळ होता की एकाच फिल्टरच्या लागोपाठच्या दोन फेऱ्यांमध्येही तेवढा पडत होता. ट्यूनर थोडा हिरमुसला. मला त्याचे वाईट वाटले नाही. काही आठवड्यांनी फिल्टरच्या पुढची नळी आतून पांढऱ्या कापडाने पुसून पाहिली, तर कापडावर धूळ उमटली नाही. आता मे महिन्याच्या अखेरीस बॉक्सचे पाणी निचरा होण्याचे छिद्र मोकळे करून घेतो आणि फिल्टर मात्र मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी दिलेल्या कमी अंतरालाच बदलतो.