मी गेम नाही, टूल्स बनवतो

गेम डेव्हलपर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठला गेम केलास?" माझं काम खेळणाऱ्याला कधी दिसत नाही. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो त्याला इंजिन म्हणतात. मी त्याच्या एडिटरवर, बाहेरच्या फाइल्स आत आणणाऱ्या इम्पोर्टरवर आणि वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या प्रोफायलरवर काम करतो. गेम बनवणाऱ्या माणसाचा ताटकळण्यात जाणारा वेळ कमी करणं हा माझा धंदा, आणि मला तो मनापासून आवडतो.

टेक्स्चरचं, म्हणजे गेममधल्या वस्तूंवर चढवायच्या चित्राचंच घ्या. ४०९६ बाय ४०९६ चं टेक्स्चर, पिक्सेलमागे चार बाइट, म्हणजे ६४ एमबी. बीसी७ या कॉम्प्रेस केलेल्या फॉरमॅटमध्ये ते १६ एमबीवर येतं. पण तिथे ४ बाय ४ पिक्सेलच्या प्रत्येक ब्लॉकसाठी साठवणीच्या आठ मोडपैकी कुठला बरा हे एन्कोडरला, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, शोधावं लागतं, आणि चांगल्या क्वालिटीला वेळ लागतोच. आर्टिस्ट एक रंग बदलतो, सेव्ह करतो आणि प्रोग्रेस बारकडे बघत बसतो. असं दिवसभर चाललं की तो नवं काही करून बघणंच सोडून देतो. माझ्या मते खरं नुकसान हे आहे.

त्यावर उपाय म्हणजे कॅश, एकदा तयार झालेली फाइल पुन्हा वापरायला जपून ठेवणं. मूळ फाइलचे बाइट, इम्पोर्ट सेटिंग्ज आणि एन्कोडरची आवृत्ती या सगळ्यांचा मिळून एक हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा ओळख पटवणारा आकडा, काढायचा. तो हॅश टीममध्ये कोणाकडे आधी तयार झाला असेल तर तयार फाइल उचलायची, नाहीतर आधी झटपट, थोडं खडबडीत टेक्स्चर दाखवायचं आणि चांगलं एन्कोडिंग मागे चालू ठेवायचं. आवृत्ती हॅशमध्ये हवीच. ती नसेल तर एन्कोडर सुधारला तरी जुन्याच फाइल्स मिळत राहतात.

ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरकडे, वळलो त्याला एक कारण घडलं. एका स्टुडिओत आम्ही जीव ओतून एक लेव्हल एडिटर बनवला होता. प्रोजेक्ट बंद झाला आणि एडिटरही त्याच्यासोबत कुलूपबंद झाला. फार वाईट वाटलं होतं. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर यांनी २०१४ मध्ये गोडो इंजिन एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली खुलं केलं होतं. त्याचा कोड मी मग वाचायला घेतला. एडिटर स्वतःच गोडोवर चालतो, त्याची बटणं आणि पॅनल गेममधल्यासारखेच नोड, म्हणजे गोडोतले जोडायचे घटक, आहेत. त्यामुळे गेमपुरतं गोडो येणाऱ्यालाही एडिटरचं प्लगइन लिहिता येतं. नोड जोडून बनलेले सीन साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह होतात, म्हणून गिटमध्ये, म्हणजे फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, काय बदललं ते वाचता येतं. असे निर्णय बाहेरून किरकोळ दिसतात, पण टीमचं रोजचं काम त्यांच्यावरच चालतं.

तिथल्या कोड रिव्ह्यूने, म्हणजे पाठवलेला कोड इतरांनी तपासण्याने, मला खूप शिकवलं. अंडू नीट चालतो का, जुने प्रोजेक्ट उघडतात का, हे ओळख-देख नसलेली माणसं कळकळीने विचारतात. यात यायचं असेल तर आधी दुसऱ्याने कळवलेला एखादा बग आपल्या मशीनवर घडवून बघा आणि तो घडवायच्या पायऱ्या नीट लिहून द्या. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, नंतर. रेंडरडॉक हा ग्राफिक्स डीबगरही खुला आहे. त्यात एक फ्रेम पकडून एकेक ड्रॉ कॉल, म्हणजे ग्राफिक्स कार्डला दिलेला काहीतरी काढायचा हुकूम, बघत गेलात तर चित्र तयार करणारा रेंडरर आतून कळायला लागतो.

सध्या मी सीन मर्जच्या, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करण्याच्या, मागे लागलोय. दोघांनी एकाच सीनमध्ये बदल केले की गिट ओळी दाखवतं. डिझायनरला मात्र कुठला नोड कोणी हलवला ते चित्रात बघायचं असतं. नुसता नाव बदललेला नोड आणि एक काढून दुसरा घातलेला नोड यांतला फरक कसा ओळखायचा, तिथे घोडं अडलंय.